पेन स्टेशनचा उन्हाळा : रूळ बदलायचे, पण माणसं कुठे न्यायची?

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनात लोक गाडीची वाट फलाटावर उभं राहून बघत नाहीत. फलाट जमिनीखाली, अरुंद आणि खांबांनी अडलेले आहेत. माणसं वरच्या दालनात, फलकाकडे माना वर करून उभी असतात. गाडीचा मार्ग क्रमांक झळकला की शेकडो पाय एकाच वेळी एकाच जिन्याकडे वळतात. बॅगा, कॉफीचे पेले, कानात गाणी, आणि पुढच्याच्या टाचेवर पाय. ही रोजची, सगळं सुरळीत असतानाची गोष्ट. अशा स्टेशनातले काही मार्ग दोन महिने, तेही कामाच्या दिवसांत, बंद ठेवायचे असं २०१७ मध्ये ठरलं.

आपल्याकडे मेगाब्लॉक म्हटलं की रविवार डोळ्यांसमोर येतो. इथे सोमवार ते शुक्रवारही त्यात आला, म्हणून हे प्रकरण नीट बघण्यासारखं आहे. दुसरं कारण असं, की सगळ्यांनी हलकल्लोळाची तयारी केली होती आणि तो झालाच नाही. का झाला नाही, याचं उत्तर अभियंत्यांच्या कामात जेवढं आहे त्याहून जास्त वेळापत्रकात आहे, असं माझं मत आहे.

मार्च आणि एप्रिल

२४ मार्च २०१७ ला, देशभर प्रवासी गाड्या चालवणाऱ्या अ‍ॅमट्रॅकची असेला गाडी पेन स्टेशनातून निघताना अगदी कमी वेगात घसरली आणि शेजारून येणाऱ्या, न्यू जर्सी ट्रान्झिट या उपनगरी रेल्वेच्या गाडीला घासली. दहा दिवसांनी, ३ एप्रिलच्या सोमवारी, सकाळच्या ऐन गर्दीत न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी स्टेशनात शिरताना रुळांवरून उतरली. दोन्ही वेळा कुणाचा जीव गेला नाही. पण दुसऱ्या वेळी स्टेशनातल्या २१ मार्गांपैकी ८ अडकून पडले आणि सगळं पूर्ववत व्हायला शुक्रवार उजाडला. ते चार दिवस काय झालं असेल, हे लोकलने रोज जाणाऱ्याला सांगायला नको. गाड्या रद्द, उशिरा, अर्ध्यातून परत, आणि पुढची नक्की कधी सुटणार हे कुणालाच ठाऊक नाही.

त्यातच १४ एप्रिलला, गुड फ्रायडेला, न्यू जर्सी ट्रान्झिटची एक गाडी हडसन नदीखालच्या बोगद्यात जवळपास तीन तास अडकली. स्टेशन खचाखच भरलं. त्या गर्दीत अ‍ॅमट्रॅकच्या पोलिसांनी एका माणसाला आवरताना टेझर (विजेचा झटका देणारं हत्यार) चालवला. त्याचा आवाज कुणाला तरी गोळीबार वाटला आणि चेंगराचेंगरी झाली. सोळा जण जखमी झाले, जमिनीवर चपला-बॅगांचा खच पडला. गोळी एकही सुटली नव्हती. हा प्रसंग रुळांच्या दुरुस्तीशी थेट जोडलेला नाही, तरी मी तो याच प्रकरणात धरतो. दोन-तीन आठवडे ताटकळून वैतागलेली गर्दी किती पटकन बिथरते, ते त्यात दिसतं.

लाकडाचा दोष

३ एप्रिलच्या घसरणीचं कारण साधं होतं : कुजलेले लाकडी स्लीपर. रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर राहायला हवं, आणि ते धरून ठेवायचं काम स्लीपरचं. लाकूड वर्षानुवर्षं पाण्यात आणि तेलकट चिखलात मुरलं की त्यात ठोकलेल्या खिळ्यांची पकड सुटते. रिकाम्या रुळावर पट्टी धरली तर अंतर बरोबर भरतं. गाडीचं वजन आलं की रूळ किंचित बाहेर सरकतात आणि चाक आत पडतं. गाडी हळू चालली म्हणून हे टळत नाही, त्यामुळे वेग कमी ठेवूनही घसरण झाली.

अ‍ॅमट्रॅकचे तेव्हाचे प्रमुख विक मूरमन यांनी पत्रकारांसमोर हे कबूल केलं. स्लीपर कमकुवत झाल्याचं तपासणीत दिसलं होतं, पण ते इतक्या लगेच दगा देतील हे ओळखता आलं नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मूरमन मालगाड्यांच्या धंद्यातले. नॉरफोक सदर्न रेल्वे चालवून २०१६ मध्ये ते अ‍ॅमट्रॅकला आले होते. कबुलीचा हा मोकळेपणा पुढे उपयोगी पडला, कारण ‘काम खरंच एवढं तातडीचं आहे का?’ हा वाद तिथेच संपला.

काम ठरलं ते मुख्यतः ‘ए इंटरलॉकिंग’मध्ये. पेन स्टेशनाच्या पश्चिमेला हडसनखालून दोन बोगदे येतात, १९१० साली उघडलेले, प्रत्येकात एकच मार्ग. गर्दीच्या एका तासात त्यांतून साधारण २४ गाड्या येतात. हे दोन रूळ स्टेशनाच्या तोंडाशी फांद्या फुटत २१ होतात. पश्चिमेच्या यार्डात उभ्या राहणाऱ्या, लाँग आयलंड रेल रोड या दुसऱ्या उपनगरी रेल्वेच्या गाड्यांचे रूळही तिथेच येऊन मिळतात. एवढ्याशा जागेत सांध्यांचं, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जोडांचं, जाळं आहे, एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. यातला एक सांधा बिघडला तर एक गाडी नव्हे, चार-पाच फलाटांची वाट बंद होते.

हे काम रात्री आणि शनिवार-रविवारी तुकड्यातुकड्याने काही वर्षांत उरकायचं, असा आधी विचार होता. तसं करायला तांत्रिक अडचण नाही, फक्त त्यात वेळ भयंकर वाया जातो. रात्री मार्ग ताब्यात घ्यायचा, वरच्या तारेतला आणि बाजूच्या तिसऱ्या रुळातला वीजपुरवठा तोडायचा (पेन स्टेशनात दोन्ही आहेत), यंत्रं आत आणायची, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीआधी सगळं उलट क्रमाने परत. मधे हातात उरतात जेमतेम काही तास. साधा सरळ रूळ तेवढ्यात टप्प्याटप्प्याने बदलता येतो. सांध्याचं तसं नाही. अर्धा बदललेला सांधा सकाळी गाडीखाली देता येत नाही.

म्हणून मूरमन यांनी ठरवलं की हे सगळं एका दमात करायचं. १० जुलै ते १ सप्टेंबर, म्हणजे साधारण आठ आठवडे. या काळात गर्दीच्या वेळेच्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या गाड्या कमी होणार होत्या. न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी त्याला ‘समर ऑफ हेल’, म्हणजे नरकाचा उन्हाळा, असं नाव दिलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मालक एक, भाडेकरू दोन

पेन स्टेशन अ‍ॅमट्रॅकच्या मालकीचं आहे, पण तिथून रोज जाणाऱ्या लाखो माणसांतली बहुतेक अ‍ॅमट्रॅकची नसतात. ती लाँग आयलंड रेल रोडची आणि न्यू जर्सी ट्रान्झिटची. म्हणजे घराचा मालक एक, राहणारे दोन भाडेकरू, आणि छप्पर गळायला लागलं की पाणी भाडेकरूंच्या अंथरुणावर. एप्रिलमध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी अ‍ॅमट्रॅकला द्यायचे पैसे रोखायला सांगितलं, ते याच रागातून. भाडं थकवलं म्हणून छप्पर लवकर दुरुस्त होत नाही, पण मतदारांना बरं वाटतं.

पाचवा हिस्सा कापायचा तर कुणाचा? प्रत्येकाच्या थोड्या थोड्या गाड्या कापल्या की न्याय झाल्यासारखा वाटतो. न्यू जर्सी ट्रान्झिटने तसं केलं नाही. या प्रकरणातला सगळ्यात विचार करण्याजोगा निर्णय मला हाच वाटतो. त्यांनी जवळजवळ सगळा भार मॉरिस अँड एसेक्स या एकाच शाखेवर टाकला. तिथल्या मिडटाउन डायरेक्ट, म्हणजे थेट मॅनहॅटनला जाणाऱ्या गाड्या, अगदी पहाटेच्या थोड्या सोडल्या तर, पेन स्टेशनाऐवजी नदीच्या न्यू जर्सीकडच्या काठावर, होबोकेनला वळवल्या. बाकीच्या शाखांच्या गाड्या बहुतांश होत्या तशाच चालू ठेवल्या.

याला इतिहासाचा आधार होता. ही शाखा मुळात होबोकेनचीच. लॅकवाना रेल्वेने १९०७ मध्ये हडसनच्या काठावर ते स्टेशन बांधलं, ते माणसांनी गाडीतून उतरून फेरीबोटीने मॅनहॅटनला जावं म्हणून. गाड्या थेट पेन स्टेशनाला जायला लागल्या १९९६ मध्ये, केअर्नी इथे नवा जोड रूळ टाकल्यावर. त्यानंतर त्या मार्गावरच्या गावांत घर घेताना ‘थेट गाडी’ हा मोठा मुद्दा झाला. म्हणजे २०१७ च्या जुलैत या प्रवाशांना एकवीस वर्षं मागे नेण्यात आलं. वाईट, पण अशक्य नाही. पर्यायी स्टेशन होतं, तिथे भरपूर फलाट होते, खालून मॅनहॅटनला जाणारी पाथची भुयारी गाडी आणि धक्क्यावरून फेरीबोट होती. नॉर्थईस्ट कॉरिडॉर या दुसऱ्या शाखेच्या प्रवाशांना एवढी मोठी दुसरी सोय नव्हती.

होबोकेनची सकाळ डोळ्यांसमोर आणून बघा. गाडी शेवटच्या अडथळ्याशी येऊन थांबते आणि दहा-बारा डब्यांतली माणसं एकाच दिशेने बाहेर पडतात. समोर दोन वाटा. डावी-उजवी न सांगता लोंढा सोडून दिला तर तो मधेच तुंबतो. अर्ध्या लोकांना जायचं असतं वर, म्हणजे मॅनहॅटनमध्ये उत्तरेला तेहतिसाव्या रस्त्याकडे, काहींना खाली, दक्षिणेला वॉल स्ट्रीटच्या बाजूला, आणि पाथच्या त्या दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत. ज्याला वर जायचंय तो चुकून खालच्या गाडीत बसला तर त्याची सकाळ गेली. म्हणून तिथे जाकीट घातलेली, हातात पाट्या धरलेली माणसं उभी करणं हा दिखावा नव्हता. पाथचं तेहतिसाव्या रस्त्याचं स्थानक पेन स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर आहे, त्यामुळे बहुतेकांचं ऑफिस हाताबाहेर गेलं नाही.

भाड्यातही निम्म्याहून जास्त सूट दिली, आणि रेल्वेचाच पास पाथवर व फेरीबोटीवर चालवला. या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व भाड्यातल्या सवलतीपेक्षा जास्त आहे. रोज पाथच्या यंत्रापुढे हजारो माणसं नवं तिकीट काढायला उभी राहिली असती, तर वर रुळांवर वाचवलेला सगळा वेळ खाली त्या रांगेत गेला असता.

न्याय झाला का? नाही. एका शाखेच्या लोकांनी सगळ्यांचं दुखणं सोसलं. थोडं थोडं सगळ्यांवर वाटलं असतं तर प्रत्येक शाखेचं वेळापत्रक डळमळलं असतं आणि प्रत्येक प्रवाशाला रोज सकाळी ‘आज काय?’ हे बघावं लागलं असतं. इथे होबोकेनवाल्यांना त्रास पक्का होता पण ठाऊक होता, आणि इतरांना जवळजवळ नव्हता. मला विचाराल तर व्यवस्था म्हणून निर्णय बरोबर होता. मात्र माझं घर त्या शाखेवर असतं तर हे वाक्य मी इतक्या सहज लिहिलं नसतं.

रिकाम्या बस

लाँग आयलंड रेल रोडची तऱ्हा वेगळी होती. त्यांनी काही गाड्या रद्द केल्या, काही हंटर्सपॉइंट अ‍ॅव्हेन्यू आणि ब्रुकलिनच्या अटलांटिक टर्मिनलकडे वळवल्या आणि तिथून भुयारी रेल्वेचा प्रवास फुकट दिला. शिवाय उपनगरांतल्या वाहनतळांवरून खास बस आणि ग्लेन कोव्हवरून फेरीबोट सुरू केली. बसचा ताफा सुमारे दोनशेचा, मोठ्या थाटात जाहीर केलेला.

त्या बस बहुतेक वेळा जवळजवळ रिकाम्या धावल्या. फेरीबोटीतही गर्दी झाली नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. ज्या माणसाला आगगाडीची सवय आहे, तो गाडी उशिरा आली तरी गाडीतच बसतो. सकाळी लाँग आयलंडहून मॅनहॅटनला जाणाऱ्या रस्त्यावर बसमध्ये बसायचं म्हणजे आपला उशीर आपण होऊन मान्य करायचा. होबोकेनला पर्याय रुळांवरचा होता आणि तोच वाटेत येत होता, इथे प्रवाशाला वाट सोडून जायचं होतं. राजकारण्यांना मात्र बस प्रिय, कारण तिचा फोटो निघतो.

त्यात भुयारी रेल्वेवर भरवसा ठेवावा असे ते दिवस नव्हते. २७ जूनला हार्लेममध्ये ए मार्गाची गाडी घसरली आणि दोन दिवसांनी कुओमो यांनी त्या व्यवस्थेसाठी आणीबाणी जाहीर केली. म्हणजे ज्या दोरीला लटकायला सांगत होते तीच तुटायला आलेली. या परिस्थितीत फुकट भुयारी प्रवास ही सवलत किती जणांना ओढून घेईल, ही शंका रास्तच होती.

अ‍ॅमट्रॅकने स्वतःच्याही गाड्या कापल्या. वॉशिंग्टनकडच्या काही फेऱ्या बंद केल्या आणि ऑल्बनीकडून येणाऱ्या काही गाड्या ग्रँड सेंट्रल या शहरातल्या दुसऱ्या मोठ्या स्टेशनाला नेल्या. तिथून अ‍ॅमट्रॅकच्या गाड्या १९९१ मध्येच पेन स्टेशनाला हलवल्या होत्या. घरमालकाने स्वतःचीही एक खोली रिकामी केली, एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

१० जुलै

कामाला सुरुवात व्हायच्या चार दिवस आधी, ६ जुलैच्या रात्री, पेन स्टेशनात न्यू जर्सी ट्रान्झिटची आणखी एक गाडी घसरली. कुणाला इजा झाली नाही. पण उशीर का नको याची आठवण सगळ्यांना झाली.

१० जुलैच्या सोमवारी सकाळी होबोकेनला आणि पेन स्टेशनात कॅमेरे तयार होते. घोळ व्हायचा तो पहिल्याच दिवशी, असा सगळ्यांचा हिशेब. पण माणसं लवकर निघाली, काहींनी सुट्टी घेतली, काहींनी घरून काम केलं, आणि सकाळ फारशी न चिघळता पार पडली. पुढच्या आठवड्यांतही ओढाताण झाली, गाड्या रखडल्या, पण एप्रिलच्या त्या चार दिवसांसारखी वेळ आली नाही.

जुलै-ऑगस्ट निवडण्यात हुशारी होती. न्यूयॉर्कमध्ये त्या दोन महिन्यांत बरेच लोक सुट्टीवर असतात, गर्दी आपसूक थोडी उतरते, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणारा लेबर डे (उन्हाळी सुट्ट्या संपल्याची खूण) ही अंतिम तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ‘नरक’ या शब्दाचाही हातभार लागला असावा. कुओमोंनी तो अ‍ॅमट्रॅकला झोडपायला वापरला, पण ऐकणाऱ्यांनी त्यातून काढलं ते एवढंच : उद्या अर्धा तास आधी निघ. घोषणेतल्या दहा मिनिटांच्या उशिरापेक्षा वर्तमानपत्रातल्या नरकाने जास्त माणसं घरी थांबवली असतील.

या सगळ्याच्या मुळाशी मला एक फरक दिसतो. एप्रिलमध्ये वेळापत्रक होतं जुनंच, छापलेलं, आणि खोटं. फलकावर गाडी दिसायची, ती यायची नाही. जुलैमध्ये वेळापत्रक तोकडं होतं, पण खरं होतं. कमी गाड्या, पण ज्या लिहिल्या त्या सुटणाऱ्या. प्रवाशाला साडेआठऐवजी नऊला पोचायचं असेल तर तो पोचतो आणि साहेबाला तसं आधी सांगतो. साडेआठ म्हणून निघून साडेनऊला पोचला तर मात्र तो वरच्या दालनातल्या त्या फलकाखाली पुन्हा कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. आणि विश्वास उडालेली गर्दी जिन्याच्या तोंडाशीच उभी राहते, कारण मार्ग क्रमांक झळकल्यावर पळायचं तर आहेच.

हे जमण्यासाठी गाड्या आधीच, कामाच्या गरजेपेक्षा थोड्या जास्तच कापाव्या लागल्या. सगळ्या गाड्या कशाबशा चालवून दाखवण्याचा मोह आवरणं रेल्वेला कठीण जातं, कारण रद्द गाडी लगेच बातमी होते आणि उशिरा आलेली गाडी मुरून जाते. इथे तो मोह आवरला, आणि तो आवरण्याचं बळ त्या दोन घसरणींनी दिलं. त्या झाल्या नसत्या तर हेच स्लीपर आणखी काही वर्षं रात्री-अपरात्री थोडे थोडे बदलत राहिले असते.

काम ठरल्याप्रमाणे आटोपलं. लेबर डेनंतरच्या मंगळवारी, ५ सप्टेंबरला, नेहमीचं वेळापत्रक परत आलं आणि मॉरिस अँड एसेक्सच्या गाड्या पुन्हा थेट पेन स्टेशनात यायला लागल्या. हडसनखालचे ते दोन बोगदे मात्र तसेच राहिले. २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं होतं, आणि आठ आठवड्यांत भरून निघणारी ती जखम नव्हती.

२०१८ च्या जानेवारीत अ‍ॅमट्रॅकने स्टेशनातला १५ क्रमांकाचा मार्ग खालच्या काँक्रीटसकट उखडला आणि पूर्वेकडचे काही सांधे बदलायला घेतले. ते काम मेअखेरपर्यंत चाललं, म्हणजे उन्हाळ्यापेक्षा दुपटीहून जास्त दिवस. गाड्या तेव्हाही कापल्या आणि वळवल्या होत्या. त्या हिवाळ्याला कुणी नाव ठेवलं नाही.